जुन्या गाडीचे फॉग लाइट लागत नाहीत: फ्यूज, रिले, बल्ब ठीक असताना दोष कोठे शोधावा?

मुरारवासी (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची पेट्रोल सेदान आहे. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर २०२३ मध्ये तपासणी करून तिचे पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले आहे, त्यामुळे गाडी विकण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न कंपनीचा नसून गाडीच्या वयाचा आहे. पुढच्या बंपरमधील दोन्ही फॉग लाइट, जे कारखान्यातूनच बसवून आलेले आहेत, या हिवाळ्यात लागेनासे झाले आहेत. ते नेमके केव्हा बंद पडले हे सांगता येत नाही; मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत त्या बटणाला हात लावण्याची वेळच ग्वाल्हेरात येत नाही.

आतापर्यंत जे तपासले ते सांगतो. पार्किंग लाइट लावून फॉगचे बटण दाबले की डॅशबोर्डवरील हिरवी खूण उजळते आणि बॉनेटखालच्या पेटीतून रिलेचा (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) आवाज येतो. १५ अँपियरचा फ्यूज काढून पाहिला, तो शाबूत आहे. एच-११ प्रकारचे, ५५ वॉटचे दोन्ही बल्ब नवे टाकले; जुने बल्ब थेट बॅटरीला जोडून पाहिले तर तेही पेटले, म्हणजे त्यांच्यातही दोष नव्हता. शेवटी दोन्ही बल्बांचे कपलर (तारा बल्बला जोडणारे प्लास्टिकचे प्लग) काढून त्यांच्या पिनांना मल्टिमीटर लावला, तर दोन्हीकडे १२.४ व्होल्ट मिळतात. म्हणजे वीज येत आहे, बल्ब चांगला आहे, आणि तरीही कपलर जोडला की अंधारच. शहरातील एका दुकानात पुढची सारी वायरिंग बदलावी लागेल, किंवा हे दिवे सोडून एलईडी बार लावून घ्यावा, असे सांगण्यात आले. दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत.

जानेवारीत पहाटे आग्र्याला जायचे आहे. बानमोर, मुरैना आणि पुढे चंबळेच्या पुलापर्यंत महामार्ग ४४ त्या वेळी कसा असतो, हे येथल्या मंडळींना सांगायला नको.

बडोदेनिवासी

आमच्याकडे बडोद्याला तुमच्यासारखे धुके पडत नाही, पण फॉग लाइट मात्र आमचेही मरतात, आणि ते पावसाळ्यात. हे दिवे बंपरच्या तळाशी असल्याने साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की कपलरमध्ये पाणी शिरते, आणि नंतरच्या महिन्यांत दिवे कोणी लावत नसल्यामुळे आतल्या पिना निवांतपणे गंजत राहतात. माझा संशय रिलेवर आहे. आवाज आला म्हणजे रिले चांगला, असे धरू नका. आवाजावरून फक्त त्याची कॉइल काम करते एवढेच कळते, आतले संपर्कबिंदू जळलेले असू शकतात. हॉर्नचा रिले त्याच पिनांचा आणि त्याच क्षमतेचा असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहा.

कंपूकर

रिलेची अदलाबदल करणे सोपे आहे, म्हणून अवश्य करावी. पण कपलरपर्यंत १२.४ व्होल्ट पोहोचत आहेत हे पाहता मला तो मुख्य आरोपी वाटत नाही. आधी या मंडलाची (सर्किटची) रचना सांगतो, कारण ती डोळ्यांसमोर नसली की माणूस हाताला लागेल तो भाग बदलत सुटतो.

बॅटरीतून फ्यूजमार्गे येणारी जाड तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला येते आणि ८७ क्रमांकाच्या पिनेतून दोन्ही दिव्यांकडे जाते. ८५ आणि ८६ या पिना कॉइलच्या असतात आणि त्यांतून अगदी थोडा प्रवाह वाहतो, म्हणून स्टिअरिंगजवळच्या दांडीतील नाजूक स्विच तेवढाच प्रवाह हाताळतो. दोन ५५ वॉटचे दिवे मिळून १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपियर घेतात, म्हणून फ्यूज १५ चा. अनेक गाड्यांत कॉइलला वीज पार्किंग लाइटच्या मंडलातून दिलेली असते, जेणेकरून मागचे दिवे लागल्याशिवाय पुढचे फॉग लाइट लागूच नयेत. ज्यांची हिरवी खूणही उजळत नाही आणि रिलेही गप्प आहे, त्यांनी आधी गाडीच्या मागे जाऊन टेललाइट लागतात का ते पाहावे. पार्किंगचा फ्यूज गेलेला असेल तर फॉग लाइट ही त्यातली किरकोळ गोष्ट आहे. धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी न दिसणे ही खरी भीती आहे.

धागाकर्त्यांच्या गाडीत हा अर्धा भाग ठीक दिसतो. दोष रिलेच्या पुढे आहे.

जुनातारवाला

मी नोकरीची सर्व वर्षे टेलिफोनच्या तारा आणि बॅटऱ्या यांच्यात काढली, त्यामुळे या प्रश्नातला एक आकडा मला खटकला. कपलर काढून मोजलेले १२.४ व्होल्ट हा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो. तो मंडलातून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. वाटेत कोठे गंजलेला सांधा असेल आणि त्याचा रोध समजा ५० ओहम असेल, तर मीटरच्या एक कोटीपुढे तो नगण्य ठरतो आणि मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. आता तेथे बल्ब जोडा. पेटलेल्या ५५ वॉटच्या बल्बचा रोध अडीच ओहमच्या आसपास असतो आणि थंड तंतूचा त्याच्याही कितीतरी कमी. मग सगळे व्होल्ट त्या ५० ओहमच्या सांध्यावरच खर्ची पडतात आणि बल्बच्या वाट्याला काहीही उरत नाही. नळाच्या तोंडाशी कचरा अडकला असेल तर नळ बंद असताना दाब पूर्ण दिसतो आणि नळ सोडला की करंगळीएवढी धार येते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून मापन नेहमी बल्ब जोडून आणि दिवा चालू ठेवून करावे.

कृती अशी. बल्ब कपलरला जोडलेला ठेवा आणि कपलरच्या मागच्या बाजूने, जेथे तारा आत शिरतात तेथून, मीटरची बारीक सुई पिनेपर्यंत सरकवा; तारेचे आवरण भोसकू नका, कारण त्या छिद्रातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरेल. मीटरची काळी तार थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावा, गाडीच्या पत्र्याला नव्हे. मग लाल तार आधी बल्बच्या धन पिनेला आणि नंतर अर्थच्या, म्हणजे चासीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणाऱ्या, पिनेला लावून दोन आकडे घ्या. पहिला आकडा बॅटरीच्या आकड्याहून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त कमी असेल तर दोष धन बाजूला आहे. दुसरा आकडा शून्याच्या अगदी जवळ, दोन दशांश व्होल्टच्या आत हवा. तो जास्त आला तर अर्थ गेलेला आहे. मीटर नसेल तर जुन्या इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प वापरा. तो स्वतः पावणेदोन अँपियर घेतो, त्यामुळे गंजलेल्या सांध्याला फसत नाही, आणि या एका कामात तो महागड्या मीटरपेक्षा सरस आहे असे माझे मत आहे.

वायरिंग बदलण्याचा सल्ला या दोन आकड्यांपूर्वी कोणी देत असेल, तर तो निदान करत नाही, अंदाज विकतो.

चाकोरीबाहेर

इतके सगळे कशाला? माझ्या गाडीत फ्यूज वारंवार जात होता, तेव्हा ३० अँपियरचा टाकला आणि त्यानंतर काही त्रास झाला नाही.

कंपूकर

@चाकोरीबाहेर, हे कृपया आजच काढून टाका. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. तुमच्या गाडीत कोठेतरी तारेचे आवरण घासून ती पत्र्याला टेकत आहे, म्हणून १५ चा फ्यूज जात होता. आता तोच प्रवाह तार सोसते आहे आणि एखाद्या दिवशी फ्यूजऐवजी तीच वितळेल, तीही इंजिनाशेजारी. फॉग लाइटची तार बहुधा बंपरच्या कोपऱ्यावर किंवा चाकाच्या आतील प्लास्टिकच्या मडगार्डामागे घासते. तेथे उजेड टाकून पाहा. उंदरांनी कुरतडल्याच्या खुणाही शोधा. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि बोळांत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत थंडीच्या दिवसांत तो प्रकार सर्रास आढळतो, कारण बॉनेटखाली रात्री ऊब असते.

मुरारवासी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार, आणि जुनातारवालाकाकांचे विशेष. काल सांगितल्याप्रमाणे इंजिन बंद ठेवून आकडे घेतले. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, बल्बच्या धन पिनेवर १२.४, आणि अर्थच्या पिनेवर, जेथे जवळजवळ शून्य हवे होते तेथे, १२.३. उजवीकडेही तेच. रिले बदलून पाहिला, फरक पडला नाही.

आता अर्थ कोठे जोडला आहे हे कसे शोधावे? हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर सर्व व्यवस्थित चालतात, त्यामुळे बॅटरी ते चासी हा मुख्य अर्थ खराब असेल असे वाटत नाही.

जुनातारवाला

आपले अनुमान बरोबर आहे, आणि त्याचा पुढचा भाग असा: दोन्ही दिवे एकदम गेले आहेत, बाकी काहीही गेलेले नाही, म्हणजे दोष दोन्ही फॉग लाइटच्या अर्थतारा जेथे एकत्र येतात त्या ठिकाणापासून चासीपर्यंतच्या तुकड्यातच असणार. एवढ्यावरून साऱ्या गाडीतली वीतभर तार उरते. हात लावण्यापूर्वी खात्री करून घ्या. एका सुट्या तारेचे एक टोक अर्थच्या पिनेला आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. दोन्ही दिवे लागले तर शंका उरत नाही. मात्र ती तार धन पिनेला चुकूनही लागू देऊ नका, नाहीतर फ्यूज जाईल.

तार शोधताना डाव्या दिव्याच्या कपलरपासून काळ्या तारेचा माग हाताने घेत मागे जा. पुष्कळ गाड्यांत ती हेडलाइटच्या मागे किंवा बॅटरीच्या ट्रेखाली चासीच्या पट्टीवर एका बोल्टाला कसलेली असते. बॅटरी तेथेच असेल तर आधी तिची ऋण तार सोडवा आणि मग ट्रे काढा. आम्लाच्या वाफेने त्या जागेची जी दशा होते ती वरून दिसत नाही. बोल्टावर एकापेक्षा जास्त लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्या) असतील तर बोल्ट चकचकीत दिसतो म्हणून थांबू नका. प्रत्येक लग आणि तार जेथे दाबून जोडलेली असते ती जागा तपासा.

मुरारवासी (धागाकर्ता)

दिवे लागले. दोष अगदी काकांनी सांगितलेल्या जागी निघाला. सुटी तार लावताच दोन्ही दिवे पेटले, तेव्हा ट्रे काढला. बोल्टावर दोन लग होते. खालचा जाड लग स्वच्छ होता. वरच्या, म्हणजे फॉग लाइटच्या, लगाचे प्लास्टिकचे आवरण मागे सरकवल्यावर आत तांब्याच्या जागी हिरवट भुकटी होती आणि तार नुसती त्या भुकटीत टेकून बसली होती. बाहेरून पाहणाऱ्याला ती जोडलेलीच वाटली असती. गंजलेला भाग कापून, पुढे चकचकीत तांबे लागेपर्यंत तार सोलून नवा लग दाबून बसवला, सोल्डर केले, वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवली. बोल्टाखालची चासी पॉलिश पेपरने घासून, कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली.

मात्र एक गोष्ट राहिली आहे. उजवा दिवा लख्ख आहे आणि डावा पिवळट, मंद दिसतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८, उजव्या बल्बच्या दोन पिनांमध्ये १३.२ आणि डाव्याच्या पिनांमध्ये १०.१ व्होल्ट मिळतात.

कंपूकर

अभिनंदन. डावीकडे तीन व्होल्ट हरवत आहेत. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने घटतो, त्यामुळे डाव्या दिव्याचा प्रकाश उजव्याच्या जेमतेम चाळीस टक्के असेल. त्या कपलरला दिवा पाच मिनिटे चालवून हात लावून पाहा. चार अँपियर वाहताना तीन व्होल्ट एखाद्या सांध्यावर पडत असतील तर तेथे बारा वॉट उष्णता तयार होते, आणि ती लपत नाही. प्लास्टिक तांबूस झाले असेल किंवा पिनेची पकड सैल झाली असेल तर घासत बसू नका. तारांसह मिळणारा नवा कपलर आणून जोडा. दोन्ही तारांचे सांधे एकमेकांसमोर येऊ न देता थोडे पुढेमागे ठेवावेत. तारा नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची आपल्याकडची पद्धत उन्हाळ्यातच गोंद सोडते.

मुरारवासी (धागाकर्ता)

कपलर गरमच होता आणि एका बाजूने वितळलेलाही होता. नवा बसवला. आता डावीकडे १३.१ आहेत. जुना कपलर कात्रीने कापून पाहिला तेव्हा आत पाण्याची पांढरी रेघ स्पष्ट दिसली.

आता दुसरा विषय: दुकानदार पिवळे एलईडी बल्ब बसवण्याचा आग्रह करत होता, पिवळा प्रकाश धुके भेदतो म्हणून. यात तथ्य किती?

नयाबाजारची ताई

मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून हा भाग घेते. प्रकाशाची तरंगलांबी मायक्रोमीटरच्या निम्म्याच्या आसपास असते, तर धुक्याचे थेंब काही मायक्रोमीटरपासून काही दशक मायक्रोमीटरपर्यंतचे असतात. एवढ्या मोठ्या थेंबांवरून निळा आणि पिवळा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतो. आकाश निळे दिसण्याचे जे कारण आहे ते हवेच्या रेणूंना लागू पडते, धुक्याला नाही. त्यामुळे पिवळा प्रकाश धुके भेदतो हे म्हणणे टिकत नाही. निळा भाग गाळल्याने डोळ्यांना चमक कमी त्रासदायक वाटते असा पुष्कळांचा अनुभव आहे, तेवढा मान्य करावा.

फॉग लाइटचे खरे काम त्याच्या जागेने आणि आकाराने होते. तो खाली असतो, त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, आणि वरची कड कापल्यासारखी असते, म्हणून डोळ्यांसमोरच्या धुक्यावर प्रकाश पडून पांढरी भिंत उभी राहत नाही. हॅलोजन तंतूसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बसवला की प्रकाशाचा उगम त्याच आकाराचा आणि त्याच जागी राहीलच असे नाही, आणि मग ती वरची कड पुसट होते. म्हणजे ज्या गुणासाठी दिवा घेतला तोच जातो. हॅलोजनच ठेवा, आणि त्याच्या काचेला उघडे बोट लावू नका. बोटाचे तेल तापून काच तेथे फुटते.

जुनातारवाला

ताईंनी वरच्या कडेचा उल्लेख केला, त्याला जोडून: दिव्यांजवळ काम झाले आहे, तेव्हा झोताचा कोन एकदा पाहून घ्यावा. सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, टायरमधील हवा बरोबर असू द्या, आणि जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची भिंतीवर खडूने आखा. झोताची वरची कड त्या रेषेच्या सात ते दहा सेंटिमीटर खाली आली पाहिजे. वर गेली तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि धुक्यात आपलेही. दिव्याच्या मागे किंवा खाली त्यासाठी एक स्क्रू असतो.

थाटीपूरकर

माझ्या गाडीतले फॉग लाइट बाजारातून बसवलेले आहेत, एच-३ बल्बचे, धातूच्या खोळीतले. माझा उजवा एकटाच लागत नाही. बल्ब चांगला आहे.

कंपूकर

एच-३ बल्बला एकच तार असते आणि त्याचा अर्थ बल्बच्या बुडातून दिव्याच्या धातूला मिळतो. बल्बच्या बुडाखाली गंज असेल किंवा दिव्याची पट्टी रंगवलेल्या पत्र्यावर कसलेली असेल तर अर्थ तुटतो. काही दिव्यांत खोळीतून अर्थची वेगळी काळी तार बाहेर काढलेली असते. तुमच्या दिव्यात असेल तर ती आधी पाहा. दिवा चालू ठेवून एक सुटी तार दिव्याच्या धातूपासून बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. लागला तर पट्टीखालचा रंग खरवडण्यापेक्षा तीच तार कायमची जोडून टाकणे अधिक टिकाऊ ठरेल. बाजारू संचाला बॅटरीजवळ स्वतःचा फ्यूज आहे की नाही तेही बघून घ्या. कित्येकांत तो नसतो.

मुरारवासी (धागाकर्ता)

आग्र्याला जाऊन आलो, म्हणून धागा पूर्ण करतो. मुरैन्याच्या पुढे धुके अतिशय दाट होते. हवामान खात्याच्या भाषेत ज्याला अतिदाट म्हणतात, म्हणजे दृश्यमानता ५० मीटरच्या आत, त्याच्याजवळ जाणारे. फॉग लाइटने समोरचे वाहन लवकर दिसले असे अजिबात झाले नाही. दिसली ती डावीकडची पांढरी पट्टी आणि रस्त्याची कड, आणि तीही डिपर लावला तेव्हाच. अपर लावताच सगळे पांढरे होत होते. वेग तीसच्या वर नेता आला नाही. धोलपूर ओलांडल्यावर धुके विरळ झाले तेव्हा फॉग लाइट बंद केले.

@थाटीपूरकर, आपला दिवा लागला का ते येथेच लिहावे. जुन्या कपलरच्या कापलेल्या तुकड्याचे छायाचित्र रात्रीपर्यंत टाकतो.

थाटीपूरकर

लागला. पट्टीखाली रंगच होता. वेगळी तार जोडली आहे, आणि बॅटरीजवळ फ्यूज नव्हताच, तोही १५ चा बसवून घेतला.